भोंगा वाजल्यानंतरचा दीड तास

आमच्या विश्रामबागेतील चिकित्सालयात गेल्या काही वर्षांत एक नवा रुग्णवर्ग येऊ लागला आहे. वय तेरा ते सतरा, सोबत आई किंवा आजी, आणि तक्रारी अगदी साध्या. भूक लागत नाही, झोप येत नाही, छातीत जळजळते, डोळे दुखतात, डोके जड राहते, अभ्यासात लक्ष नाही. सायंकाळी शिकवणी वर्ग सुटले की ही मंडळी येतात. परीक्षेचा ताण, अवेळी खाणे, वडापाव आणि थंड पेये यांवर निदानाचा भार टाकून आपण लेखणी उचलतो. बहुतेक वेळा ते निदान चूकही नसते. परंतु जेथे ते चुकले, अशा एका प्रसंगापासून प्रस्तुत लेखास प्रारंभ करणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटते. कोणाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. चूक मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

चौदा वर्षांचा मुलगा. आई म्हणाली, "महिना झाला, ताटावरून उठतोय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असतोय." आणि मुलाकडे वळून, "अरे, काय होतंय ते सांग की डॉक्टरांना." मुलगा जमिनीकडे पाहत राहिला. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, कोष्ठाची विचारपूस केली आणि अविपत्तिकर चूर्ण व सारस्वतारिष्ट लिहून दिले. पंधरा दिवसांनी फरक नाही, म्हणून सूतशेखर वाढविले. तिसऱ्या खेपेस आई शेजारच्या औषधालयात औषध घेण्यास गेली असता मुलाने खालच्या मानेनेच विचारले, "डॉक्टर, एकदा पाठवलेला फोटो परत घेता येतो का?"

मोबाईलवरील एका खेळात त्याची एका 'मुलीशी' ओळख झाली होती. दोन महिने गप्पा झाल्या. तिने स्वतःचे म्हणून एक छायाचित्र पाठविले, त्याच्याकडूनही मागितले. त्याने ते पाठविले आणि दहा मिनिटांत भाषा बदलली. पैसे दे, नाहीतर हे तुझ्या शाळेच्या ग्रुपवर टाकतो. आईच्या पर्समधून त्याने दोनदा पैसे काढून दिले होते. मागणी थांबत नव्हती. घरी का नाही सांगितलेस, असे आम्ही विचारले. मार बसेल, अब्रू जाईल, यांपैकी काहीतरी ऐकावयास मिळेल अशी आमची अपेक्षा होती. तो म्हणाला, "मोबाईल काढून घेतील."

हे उत्तर आम्हांस प्रथम पोरकट वाटले. नंतर विचार करता लक्षात आले, की चौदा वर्षांच्या मुलाची शाळेची सूचना, शिकवणीचा गृहपाठ, मित्रमंडळ, करमणूक असे त्याचे जवळजवळ सगळे बाह्य जग त्या एका यंत्रात आहे. ते काढून घेणे ही आपल्याला साधी शिक्षा वाटते. त्याला ती तडीपारी वाटते. आणि धमकावणारा माणूस नेमका या भीतीवर जगतो. सांगितलेस तर तुझाच मोबाईल जाईल, पोलीस तुलाच धरतील, हीच त्याची नेहमीची वाक्ये. आम्ही दोन भेटींत त्या मुलाला आठ-दहा प्रश्न विचारले होते. रात्री अकरानंतर जागून काय करतोस, कोणाशी बोलतोस, हा प्रश्न त्यांत नव्हता.

वैद्यबंधू-भगिनींनो, वस्तुतः हा प्रश्न आपल्या शास्त्रात केव्हाचा आहे. रोगांची जी तीन मूळ कारणे चरकाचार्यांनी सांगितली, त्यांतील पहिलेच असात्म्येन्द्रियार्थसंयोग, म्हणजे इंद्रियांचा त्यांच्या विषयांशी झालेला अहितकर संबंध. त्याचे अतियोग, अयोग आणि मिथ्यायोग असे तीन प्रकार. अतिशय तेजस्वी रूपे फार वेळ पाहत राहणे हा चक्षुरिन्द्रियाचा अतियोग. मिथ्यायोग वेगळा. अति जवळून वा अति दुरून पाहणे, आणि उग्र, भयंकर, किळसवाणी, विकृत रूपे पाहणे, ही त्याची उदाहरणे सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात दिली आहेत. मोबाईल पाहून हा अध्याय लिहिला असावा, असे वाटावे इतके हे वर्णन चपखल आहे; अर्थात ग्रंथांत सगळेच आधी सांगून ठेवले आहे अशी बढाई मारण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. आम्हांस अतियोग आणि मिथ्यायोग यांतील भेद हवा आहे, कारण आजची सारी सार्वजनिक चर्चा एकट्या अतियोगाभोवती फिरते आहे.

किती तास? पालक हाच प्रश्न विचारतात, शाळा हाच विचारतात आणि आपणही हाच विचारतो. तो अप्रस्तुत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील बालकांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत एक वर्षाच्या आतील बालकास पडद्यासमोर मुळीच बसवू नये, आणि दोन ते चार वर्षे वयाच्या बालकास एका तासाहून अधिक नको, कमी असल्यास उत्तम, असे म्हटले आहे. त्याच संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, खेळाच्या व्यसनास स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले. परंतु त्याचे निकष कठोर आहेत. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, आणि हे सारे सामान्यतः बारा महिने टिकणे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत अशा रुग्णांसाठी २०१४ पासून स्वतंत्र चिकित्सालय चालते. सुट्टीत चार तास खेळणाऱ्या प्रत्येक मुलास 'व्यसनी' ठरविणाऱ्या पालकांस हे निकष वाचून दाखवावेत, असे आम्हांस वाटते.

परंतु मिथ्यायोगास तास लागत नाहीत. त्या मुलाचे छायाचित्र जाण्यास अर्धे मिनिट पुरले. एखाद्या अकरा वर्षांच्या मुलीस चुलतभावाच्या मोबाईलवर अकस्मात जे दिसले, ते दोन मिनिटांचे होते. पुढे सहा महिने ती अंधारात एकटी स्नानगृहात जात नव्हती. तिचा 'स्क्रीन टाइम' कोणत्याही मार्गदर्शक सूचनेच्या आतच होता.

या संदर्भात आमच्याच सांगली जिल्ह्यातील एका गावाचा प्रयोग आठवतो. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव, वस्ती सुमारे तीन हजार. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलवर भरल्या आणि शाळा पुन्हा उघडल्या तरी मोबाईल मुलांच्या हातून सुटेना. तेव्हा सरपंच विजय मोहिते व ग्रामस्थांनी १४ ऑगस्ट २०२२ रोजी बैठक घेऊन ठरविले आणि स्वातंत्र्यदिनापासून अमलात आणले, की सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजताच घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद व्हावेत, ते साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. प्रारंभी पुरुषमंडळी हसली, असे वृत्तपत्रांत आले होते. महिलांना मात्र कल्पना पटली. आपणही मालिका फार पाहतो हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. मग माणसे घरोघर फिरून समजावू लागली. ही वार्ता पुढे देशाबाहेरच्या माध्यमांतही गेली.

या प्रयोगाची थोरवी कशात आहे, याविषयी आमचे मत थोडे निराळे आहे. पुष्कळांनी त्यात बंदी पाहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याच्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी करण्याचा ठराव केला, आणि दोन्ही गावांची नावे एका दमात घेतली गेली. दोहोंत मोठा भेद आहे. बान्सीत मुलांवर बंदी होती. वडगावात पथ्य सर्वांना होते. कौमारभृत्यात आपण शिकलो आहोत, की क्षीराद बालक आजारी पडल्यास औषध धात्रीस द्यावे. बालक जे पिते ते जिच्यातून येते, तिची शुद्धी आधी. ज्या घरात वडील जेवताना मोबाईलवर बोट फिरवीत असतात आणि आई वाफाळत्या भांड्यासमोर मोबाईल टेकवून मालिका पाहते, त्या घरातील मुलास 'मोबाईल ठेव' असे सांगणे म्हणजे धात्रीस आंबट-तिखट खाऊ घालून बालकास गुटी पाजण्यासारखे आहे. वडगावच्या भोंग्याने धात्रीस औषध दिले. म्हणून तो आम्हांस मोलाचा वाटतो.

तथापि भोंगा अतियोगावरील उपाय आहे. मिथ्यायोग रात्री साडेअकरा वाजता पांघरुणाखाली घडतो आणि तेथवर कोणताही भोंगा पोहोचत नाही. शिवाय विश्रामबागेसारख्या वस्तीत भोंगा वाजवायचा कोणी? येथे सातला मुले शिकवणीत असतात, साडेआठला वडील दुकान बंद करीत असतात, आणि इमारतीतील वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाचे नावही खालच्यांना ठाऊक नसते. तेव्हा भोंग्याचे अनुकरण करण्यापूर्वी त्या दीड तासात काय बोलले जाते, याचा विचार हवा. मोबाईल बंद करून समोरासमोर बसलेल्या घरात मुलास 'आई, मला एकजण त्रास देतोय' असे म्हणता आले, तर तो दीड तास सार्थकी लागला. ते म्हणता आले नाही, तर केवळ दीड तास वीज वाचली.

मुलांनी सांगावे असे वाटत असेल, तर सांगण्याची किंमत कमी केली पाहिजे. यास्तव आमच्याकडे येणाऱ्या पालकांना आम्ही आता एक वचन मुलांदेखत उच्चारावयास लावतो. 'इंटरनेटवर काही वाईट घडले आणि तू आम्हांस सांगितलेस, तर त्या कारणासाठी तुझा मोबाईल आम्ही काढून घेणार नाही.' काही वडील संतापतात. एका गृहस्थांनी आम्हांस तोंडावर सुनावले, "डॉक्टर, तुम्ही पोरांना फूस लावताय." परंतु ही सवलत चुकीस नाही, सांगण्यास आहे. वापर कमी करायचा असल्यास तो निराळ्या दिवशी, निराळ्या कारणाने, शांतपणे करावा. आणि तोही एकदम नव्हे. अहितकर सवय चतुर्थांशाने सोडावी आणि हितकर सवय चतुर्थांशाने धरावी, हा चरकोक्त पादांशिक क्रम आपण तंबाखूसाठी सांगतो, दिवास्वापासाठी सांगतो. मोबाईलसाठीही तोच सांगावा. प्रथम मोबाईल रात्री शयनगृहाबाहेर, मग जेवणाच्या ताटाबाहेर, मग पुढचे. पहिलीच पायरी सर्वाधिक गुण देते असा आमचा अनुभव आहे, कारण जागरणाने वाढलेली रूक्षता तेथेच थांबते.

सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह, ही व्याख्या आपल्या सर्वांस मुखोद्गत आहे. पण निग्रह कोणी करायचा? चौदा वर्षांच्या मुलाने? ज्या यंत्रणा त्याचे बोट पुढच्या चित्रफितीकडे ओढण्यासाठी जगभरातील कुशल अभियंत्यांनी रचलेल्या आहेत, त्यांच्याविरुद्ध त्याने एकट्याने? ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरील खाती बंद करण्याची जबाबदारी थेट कंपन्यांवर टाकली. ते साधेल की नाही यावर वाद आहे. परंतु निग्रहाचा भार कोणी वाहायचा, हा प्रश्न त्यांनी योग्य दाराशी नेला, एवढे मान्य करावे लागते.

भीतीविषयीही दोन शब्द. २०१७ साली अंधेरी येथे एका चौदा वर्षांच्या मुलाचा दुर्दैवी मृत्यू झाला आणि 'ब्लू व्हेल' नावाच्या खेळाने देशभर थैमान घातले असे सर्वत्र छापून आले. शाळांनी परिपत्रके काढली, पालकांनी मोबाईल तपासले. पुढे केंद्र सरकारने नेमलेल्या समितीस तपासलेल्या घटनांपैकी एकीतही त्या खेळाचा संबंध प्रस्थापित करता आला नाही, असे २०१८ च्या प्रारंभी संसदेत सांगण्यात आले. त्या गदारोळात खरे नुकसान हे झाले, की पालक एका राक्षसाच्या शोधात राहिले आणि दररोज घडणारे सामान्य अपराध नजरेआड झाले. धमकावणारा राक्षसासारखा दिसत नाही. बहुधा तो समवयस्क मित्र म्हणून येतो. कित्येकदा तो ओळखीतलाच निघतो.

आता कायद्याकडे वळतो, कारण येथे आपल्या व्यवसायात मोठे अज्ञान आहे आणि त्या मुलाच्या वेळी आमचेही होते. त्याची आई परत आली तेव्हा मुलाच्या संमतीने आम्ही तिला सारे सांगितले. ती रडली आणि म्हणाली, "ह्यांना सांगू नका, पोलिसांत तर नकोच. घराचं नाव जाईल." आमच्याही मनात आले, की रुग्णाचे गुपित राखणे हा वैद्यधर्म, आपण का पडावे? तथापि बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्यास सारे 'पॉक्सो' म्हणून ओळखतात, ही सवलत देत नाही. कलम १९ प्रमाणे असा अपराध घडल्याचे ज्याला ज्याला कळले, त्याने विशेष बाल पोलीस पथकास अथवा स्थानिक पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. वैद्यास सूट नाही, औषधविक्रेत्यास नाही, शिक्षकास नाही. न कळविल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. उलट सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल कोणतेही दायित्व येत नाही, हेही कलम १९ मध्येच लिहिले आहे.

मुलाचे छायाचित्र उघड करण्याची धमकी या कायद्याच्या कलम ११ मध्ये बसते. विशेष म्हणजे खऱ्या छायाचित्राबरोबर बनावट छायाचित्राचाही त्यात उल्लेख आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने शाळेतील मुलीच्या चेहऱ्याखाली भलतेच शरीर जोडणारी साधने कोणाच्या स्वप्नातही नव्हती, तेव्हा हा शब्द तेथे घातला गेला. त्याच्या जोडीस माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ ब आहे. २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमात बालकांचे अश्लील चित्रण प्रसृत करणे, पाहणे, उतरवून घेणे आणि बालकास ऑनलाइन संबंधांकडे ओढणे यांस पहिल्याच अपराधासाठी पाच वर्षांपर्यंत कैद व दहा लाखांपर्यंत दंड आहे.

आईस धीर कशाने आला, तर शिक्षेच्या आकड्यांनी नव्हे. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा तो म्हणेल तेथे घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, आणि जबाब घेणारा पोलीस गणवेशात नसावा. त्याची ओळख उघड करता येत नाही. दारात गणवेशधारी पोलीस उभा राहणार नाही, हे कळल्यावर ती उठली. पैसे गेलेले असल्याने १९३० या क्रमांकावर सायबर फसवणुकीची नोंद करता आली. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर बालकांविषयीच्या तक्रारीसाठी नाव न देण्याचीही सोय आहे. मुलास स्वतःस बोलावयाचे असल्यास १०९८ ही बालसहायता सेवा आहे. मुलाच्या मूळ प्रश्नाचे उत्तरही काही अंशी होकारार्थी निघाले. अमेरिकेतील हरवलेल्या व शोषित बालकांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची 'टेक इट डाऊन' नावाची विनामूल्य सेवा २०२३ पासून जाहीरपणे चालू आहे. तीत छायाचित्र मोबाईलबाहेर न जाता त्याचा केवळ अंकीय ठसा तयार होतो, आणि सहभागी समाजमाध्यमे त्या ठशावरून ते चित्र ओळखून काढून टाकतात. सर्वच माध्यमे सहभागी नाहीत, म्हणून उत्तर अपुरे आहे. पण 'काहीच होऊ शकत नाही' आणि 'थोडे होऊ शकते' यांतील अंतर चौदा वर्षांच्या मुलासाठी केवढे असते, ते आम्ही त्याच्या चेहऱ्यावर पाहिले.

येथे एक सावधगिरी. पालक घाबरून ते छायाचित्र आपल्याला व्हॉट्सॲपवर पाठवू पाहतात, आणि आपणही 'पाहू तरी' म्हणतो. तसे कदापि करू नये. बालकाचे असे चित्र जवळ बाळगणे आणि ते नष्ट न करणे अथवा त्याची माहिती न देणे, हे पॉक्सोच्या कलम १५ च्या कक्षेत येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निर्णयात विस्ताराने सांगितले आहे. जपून ठेवायचे ते धमकीचे संदेश, खात्याचे नाव, दूरध्वनी क्रमांक, पैसे दिल्याचा तपशील. आणि पुन्हा पैसे देऊ नयेत. दिल्याने मागणी वाढते.

इथपर्यंत आम्ही इतरांविषयी लिहिले. आता जे लिहावयाचे आहे ते आपल्या घरचे आहे आणि काही वाचकांस रुचणार नाही.

तक्रार नोंदविल्यानंतर तो मुलगा एकटाच एकदा आला. त्याला आणखी काही विचारायचे होते. आमच्याकडे प्रथम येण्यापूर्वी, झोप लागत नाही आणि अशक्त वाटते म्हणून त्याने मोबाईलवर शोध घेतला होता. पहिल्या काही चित्रफितींतच धन्वंतरीचे चित्र, भगवे वस्त्र आणि 'शुद्ध आयुर्वेदिक' अशी अक्षरे असलेली एक फीत निघाली. तीत सांगितले होते, की या वयात शरीरातील सार निघून जाते, त्याने स्मरणशक्ती खलास होते, पुढे विवाह निष्फळ होतो; नव्वद दिवसांचा कोर्स, किंमत तीन हजारांच्या घरात, पार्सलवर नाव येणार नाही. वयात येताना प्रत्येक मुलास घडणाऱ्या स्वाभाविक गोष्टीला रोग ठरवून ही भीती विकली जात होती. धमकावणाऱ्याने त्याच्याकडून पैसे काढले ते भीती घालून. या चित्रफितीचा मार्ग फार निराळा होता काय?

पूर्वी रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर, एसटी स्थानकांच्या मुतारीत 'गुप्तरोग, शर्तिया इलाज' असे रंगविलेले असे. आपण नाक मुरडून पुढे जात होतो. ती भिंत निदान जागच्या जागी राहत होती. आता ती मुलाच्या मागून चालते. त्याने एकदा थबकून वाचले, की पुन्हा पुन्हा समोर येते. औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे. लैंगिक सुखाची क्षमता टिकविण्याच्या वा वाढविण्याच्या औषधांची जाहिरात कलम ३ ने तेव्हापासूनच निषिद्ध आहे, आणि अनुसूचीत लठ्ठपणा, लैंगिक दौर्बल्य यांच्याबरोबर माणसाची उंचीही आहे. म्हणजे 'तीन महिन्यांत चार इंच' हे आश्वासन कित्येक दशकांपासून बेकायदेशीर आहे. सातवी-आठवीतील मुलांच्या मोबाईलवर आज सर्वाधिक दिसणारे आश्वासन कोणते, हे आपल्या घरच्या मुलांस विचारून पाहावे. त्यात भर म्हणून २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ९ ने बालकांस लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. आपल्यापैकी जे औषधालयमालक समाजमाध्यमांवर जाहिरातीसाठी कोणास पैसे मोजतात, त्यांनी 'कोणत्या वयोगटास दाखविणार' हे त्या माणसास आजच विचारावे. पुष्कळांस ते ठाऊकच नसते, असे आम्हांस आढळले.

ऑनलाइन मागणी घेऊन औषध घरपोच पाठविताना आणखी एक गोष्ट सुटते. ई (१) अनुसूचीतील भांग, अफू, धोतरा, बचनाग, कुचला ही द्रव्ये ज्यांत आहेत, त्या पोटात घ्यावयाच्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. दुकानात समोर मिसरूड न फुटलेला मुलगा उभा असेल, तर आपला विक्रेता निदान भुवया उंचावतो. पार्सल भुवया उंचावत नाही. काही व्यवसायबंधू म्हणतात, की हा धंदा आम्ही करीत नाही, कोणी परप्रांतीय करतो. असेल. परंतु वेष्टनावर आयुर्वेद हा शब्द असतो, आणि तो मुलगा पुढे आयुर्वेदास जे समजेल ते या वेष्टनावरूनच समजेल.

आमच्या नोंदपत्रावर निद्रा आणि कोष्ठ यांच्या खाली आता एक ओळ वाढविली आहे: रात्रौ मोबाईल कोठे असतो, आणि त्यावर कोणी त्रास देते काय. दहा वर्षांवरील प्रत्येक बालरुग्णास हा प्रश्न आम्ही पालकांस दोन मिनिटे बाहेर बसवून, पण दार उघडे ठेवून विचारतो. बहुतेक मुले 'नाही' म्हणतात आणि ते खरे असते. औषधालयाच्या गल्ल्याशेजारी १०९८ आणि १९३० हे आकडे मुलाच्या उंचीवर चिकटविले आहेत, कारण मोठ्यांच्या उंचीवर आधीच पुष्कळ काही चिकटविलेले असते. त्या मुलाच्या प्रकरणी तक्रार नोंदली गेली. धमकावणारा अद्याप सापडलेला नाही. मुलाची झोप परतली आहे. वडिलांना आईनेच सांगितले, आणि मोबाईल त्याच्याकडेच राहिला.

राहता राहिला संघटनेचा प्रश्न. आपल्या त्रैमासिकात आणि सभासदांच्या समाजमाध्यमांवरील पृष्ठांवर उंची, लैंगिक क्षमता व 'धातुक्षय' यांविषयी कोणतीही जाहिरात घेतली वा दिली जाऊ नये, आणि जो सभासद ती देईल त्यास लेखी विचारणा व्हावी, असा ठराव आम्ही येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत. जाहिरातींचे उत्पन्न त्यामुळे घटेल, हे कोषाध्यक्षांनी आम्हांस आताच सांगून ठेवले आहे. ठरावास अनुमोदक हवा आहे.